इफ्तारनंतरची पहिली विडी

मगरिबची अजान होते. खजूर आणि पाण्याने रोजा सोडला जातो, नमाज होते आणि मशिदीबाहेर येताच काही जणांचा हात खिशाकडे जातो. तेरा-साडेतेरा तास अन्नपाण्याशिवाय राहिलेला माणूस घरी जेवायला बसण्याआधी विडी पेटवतो. शहापूर-मुरबाडकडच्या वाचकांना हे चित्र नवीन नाही. त्यांत तरुण असतात, तसे साठी ओलांडलेलेही असतात. काहींना तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेले असते की, तुमची फुप्फुसे निकामी होत चालली आहेत. चार पायऱ्या चढताना त्यांना धाप लागते, रात्री उशाला दोन उशा घेऊन झोपावे लागते, तरी विडी सुटत नाही.

घरच्यांना याचा राग येतो. मुलगा बोलतो, सून बोलते, बायको रडते. ‘अल्लाहसाठी दिवसभर राहता, मग स्वतःच्या जिवासाठी दोन तास राहवत नाही का?’ असे ऐकवले जाते. प्रश्न चुकीचा नाही, पण तो टोमणा म्हणून विचारला जातो आणि टोमण्याने व्यसन सुटत नाही. माझे म्हणणे असे की, हाच प्रश्न नीट विचारला तर विडी सोडण्याचा मार्ग त्यातूनच सापडतो.

आधी आजाराविषयी. आपल्याकडे छातीच्या प्रत्येक दुखण्याला सरसकट ‘दमा’ म्हणतात. वर्षानुवर्षे धूर ओढून होणारा आजार वेगळा. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. यात श्वासनळ्या अरुंद होतात, फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्या फाटतात आणि आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. यंत्रात जोरात फुंकर मारून हा आजार ओळखता येतो. जे फुप्फुस गेले ते परत येत नाही, हे खरे आहे आणि ते रुग्णापासून लपवू नये.

पण याच खऱ्या गोष्टीतून एक खोटा निष्कर्ष काढला जातो : ‘आता सोडून काय उपयोग?’ गावाकडे हे वाक्य फार ऐकू येते. अमेरिका आणि कॅनडात या आजाराची सुरुवात झालेल्या सुमारे ५,९०० धूम्रपान करणाऱ्यांचा अभ्यास झाला आणि ११ वर्षांनी त्यांची पुन्हा तपासणी झाली. धूम्रपान चालू ठेवलेल्या पुरुषांची श्वास सोडण्याची क्षमता दर वर्षी सुमारे ६६ मिलिलिटरने घटत होती; ज्यांनी कायमचे सोडले त्यांची सुमारे ३० मिलिलिटरने. वय वाढताना निरोगी माणसाचीही क्षमता जवळपास इतकीच घटते. म्हणजे उताराला लागलेली गाडी मागे येत नाही, पण ब्रेक लागतो. आजार फार पुढे गेला असला तरी सोडण्याचा फायदा संपत नाही. उलट ज्याच्याकडे फुप्फुस थोडेच उरले आहे, त्याच्यासाठी ते राखणे जास्त मोलाचे.

दुसरा गैरसमज असा की, विडी सिगारेटपेक्षा सौम्य. पानात गुंडाळलेली, गावची, म्हणून निरुपद्रवी. वास्तविक विडी विझू नये म्हणून वारंवार आणि खोल ओढावी लागते. डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतभरातील मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी आणि स्त्रियांचे ८ वर्षांनी कमी होते. अशा माणसाला क्षयरोगाचा धोकाही जास्त असतो. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला ‘विडीचा खोकला’ म्हणून अंगावर काढू नये. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

आता रोज्याकडे वळू. रोज्यात खाण्यापिण्याप्रमाणेच धूम्रपानही वर्ज्य आहे. ज्याला सकाळी चहाबरोबर दोन विड्या लागत, तो सहरीपासून मगरिबपर्यंत एकही ओढत नाही. मग तीस दिवसांनी व्यसन का सुटत नाही? कारण निकोटिनची साखळी तुटतच नाही. विडी सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात. चिडचिड होते, डोके दुखते, झोप लागत नाही. पुढे हा त्रास उतरत जातो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. रमजान नेमका तेवढ्याच दिवसांचा आहे. पण रोज संध्याकाळी पहिली विडी पेटली की शरीराची तीच सवय पुन्हा जागी होते. असा माणूस महिनाभर तलफेचा त्रास सोसतो आणि सुटकेचा फायदा मात्र त्याच्या पदरात पडत नाही.

म्हणून खरी कसोटी दुपारची नाही, इफ्तारनंतरच्या दीड-दोन तासांची आहे. दुपारी मनात पक्का निश्चय असतो. संध्याकाळी ‘आता हलाल वेळ झाली’ अशी मोकळीक मिळते. ज्याला सोडायची आहे त्याने ते दोन तास आधीच ठरवून ठेवावेत. बंडल, काडेपेटी, लायटर घरातून काढून टाकावे. मगरिबनंतर ज्या टपरीवर किंवा कट्ट्यावर विडी ओढली जाते, तिकडे महिनाभर फिरकू नये. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्यावे, लवंग किंवा वेलची तोंडात टाकावी, नातवाला घेऊन अंगणात हळूहळू चालावे. इशा आणि तरावीहला मशिदीत जाईपर्यंत निम्मी लढाई झालेली असते. तरावीहनंतर सोबत घरी येणारा एखादा मित्र असावा, आणि त्याने स्वतःची विडीही खिशात ठेवू नये.

नुसत्या निश्चयावर सगळ्यांना जमत नाही आणि त्यात कमीपणा नाही. निकोटिनचे व्यसन मेंदूत घर करते, त्यावर औषध आहे. कातडीवर लावायची निकोटिनची पट्टी मिळते. ती पोटात जात नसल्याने अनेक उलेमा तिला रोजा मोडणारी मानत नाहीत. चघळायच्या गोळ्या मात्र इफ्तारनंतरच. कोणते औषध, किती, हे डॉक्टरांनाच विचारावे. तंबाखूच्या वेष्टनांवर भयंकर चित्रासोबत १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. तो व्यसन सोडण्यासाठी सल्ला देणारा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि फोन मोफत आहे. बंडल रोज हातात घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचला असेल?

आजारी माणसाने आणखी एक लक्षात ठेवावे. रोज्याची आज्ञा जिथे आली, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना सवलतही आली आहे. रोजे नंतर पूर्ण करता येतात. ज्याचा आजार बरा होणारा नाही, त्याच्यासाठी फिदिया, म्हणजे गरिबाला जेवण देणे आहे. इनहेलरने रोजा मोडतो की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या इमामांना विचारावे, पण त्या भीतीने औषध बंद करू नये. काही इनहेलर दिवसातून एकदा किंवा दोनदाच घ्यायचे असतात, ते सहरी आणि इफ्तारला बसवता येतील का, हे रमजान सुरू होण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. इनहेलर चुकवून रोजा धरणे आणि रोजा सोडून विडी ओढणे, हा उलटा हिशेब आहे. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे, त्यांच्या खोलीत तर कोणीही काडी पेटवू नये; आग लागू शकते.

हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. वारकऱ्यांमध्ये माळ घातली की माणूस दारू-मांस सोडतो आणि सारे गाव त्याला सांभाळून घेते. माळकऱ्याला कोणी आग्रह करत नाही. विडी सोडणाऱ्यालाही असाच मान मिळाला पाहिजे. आपल्या भागात धूर तसाही कमी नाही. घराघरांत लाकडाची चूल आहे, उन्हाळ्यापर्यंत वीटभट्ट्या पेटलेल्या असतात. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांना विडीला हात न लावताही हाच आजार होतो. घरातला पुरुष विडी सोडतो तेव्हा त्यांच्या छातीतला धूरही थोडा कमी होतो.

सरकारकडेही मागणी आहे. भातसा, तानसाचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते. पण धाप लागलेल्या म्हाताऱ्याला छातीच्या तज्ज्ञाकडे नेण्यासाठी घरच्यांना बहुधा कल्याण-ठाणे गाठावे लागते. मुरबाडला तर रेल्वेही नाही. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस असावा, जेव्हा फुंकर मारून तपासणी होईल, व्यसन सोडण्याचा सल्ला मिळेल आणि निकोटिनची पट्टी मोफत मिळेल. मशिदींच्या विश्वस्तांनीही जुम्याच्या बयानात पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. मात्र विडी ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नये. त्याला सोबत द्यावी.

शेवटचा धोका ईदच्या चंद्रासोबत येतो. महिनाभर सांभाळलेला माणूस ईदच्या दिवशी गळाभेटीनंतर ‘एक घे, आज सण आहे’ या आग्रहाला बळी पडतो. तो आग्रह आपण करू नये, एवढे तरी प्रत्येकाच्या हातात आहे. आणि पाय घसरलाच, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. बहुतेकांची विडी पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. रमजाननंतर शव्वालचे सहा रोजे धरण्याची प्रथा आहे. ज्याची प्रकृती रोजा पेलू शकते, त्याच्यासाठी पुन्हा सुरुवात करायला ती चांगली वेळ आहे. तेरा तास राहून दाखवलेल्या माणसाला उरलेले अकरा तासही जमतील, हा विश्वास आधी घरच्यांनी त्याच्यावर ठेवावा.