‘समजलं ना?’ एवढं विचारून भागत नाही

आपल्या संभाजीनगरात फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत गुडघेदुखीसाठी गेलात, तर व्यायाम शिकवायला अनेकदा एखादी विद्यार्थिनी समोर असते. "ही शिकाऊ पोरगी काय शिकवणार?" म्हणून नाराज होऊ नका. रुग्णाला शिकवणं हासुद्धा उपचारच आहे, आणि तो सरावानेच जमतो.

साधं उदाहरण घ्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबून मांडीचा स्नायू 5 सेकंद आवळून धरायचा, मग सैल सोडायचा. असं 10 वेळा. ती विचारते, "समजलं ना काका?" तुम्ही मान डोलावता. घरी मात्र 5 सेकंद न धरता नुसते झटके दिले जातात आणि महिन्याभरात "काही फरक नाही" म्हणून व्यायामच बंद होतो.

माझं मत स्पष्ट आहे. तिने आधी करून दाखवावं, मग तुमच्याकडून करून घ्यावं. नुसतं "चुकलं" म्हणू नये. "टॉवेल बरोबर ठेवलात, आता दाबून धरा आणि मनात पाच मोजा," असं नेमकं सांगावं.

आमच्या वेळी हे कोणी शिकवलं नाही. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णसंवादाचे रीतसर धडे 2019 पासून आले. पेशंटला इनहेलर चुकीचा ओढताना पाहून मी ‘करून दाखवा’ म्हणायला शिकलो.

तुम्हीही मदत करा. कळलं नसेल तर "पुन्हा दाखव बाळा," म्हणा. निघताना तिचं कोणतं सांगणं लगेच कळलं, कुठे गोंधळ झाला, तेही सांगा. पुढच्या पेशंटला त्याचा फायदा होईल.