निधीचे विश्वस्त मुकाट का?

खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रात वा शेजारच्या सिल्लेवाडा कोळसा खाणीत ज्यांनी उभी हयात घालवली, त्यांच्या म्हातारपणाची भिस्त वेतनातून दरमहा कापल्या गेलेल्या निधीवर आहे. तो निधी कोठे गुंतविला जातो, हे त्यांना क्वचितच ठाऊक असते. पासबुकातील आकडा वाढता दिसला की मनुष्य निश्चिंत होतो.

ही निश्चिंती किती पोकळ असते, हे कोळसा कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीने दाखवून दिले आहे. या निधीचे सुमारे १,३९० कोटी रुपये दिवाण हाउसिंग या मुंबईच्या कंपनीच्या कर्जरोख्यांत होते. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले, २०२१ मध्ये ती पिरामल समूहाकडे गेली आणि निधीचे सुमारे ७२७ कोटी बुडीत खाती टाकण्यात आले. उत्तर प्रदेशातील वीज कर्मचाऱ्यांचेही दोन हजार कोटींहून अधिक तेथेच अडकले होते. जुन्या चालकांच्या अफरातफरीतून पुढेमागे जी वसुली होईल, तिचे मोल विक्रीच्या आराखड्यात अवघा एक रुपया धरले गेले! त्याविरुद्ध काहींनी दाद मागितली. पण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आराखडा कायम केला.

अमेरिकेतील निवृत्तिनिधींची रीत निराळी दिसते. आयोवा राज्यातील शिक्षक व सरकारी नोकर ज्याचे सभासद आहेत, त्या निधीने अन्य काही निधींसह २०१७ मध्ये गोल्डमन सॅक्स, जेपी मॉर्गन आदी बलाढ्य बँकांवर न्यूयॉर्कमध्ये दावा गुदरला. शेअर उसने देण्याघेण्याच्या व्यवहारात खुली व स्वस्त बाजारपेठ उभी राहू नये म्हणून बँकांनी संगनमत केले, असा त्यांचा आरोप होता. बँकांनी दोष कबूल केला नाही; मात्र २०२२-२३ मध्ये त्यांपैकी बहुतेकांनी मिळून सुमारे ५८ कोटी डॉलर मोजून तडजोड केली.

ही दोन प्रकरणे एका जातीची नव्हेत, हे उघड आहे. एकीकडे बुडालेले कर्ज, दुसरीकडे बँकांची कथित कूटयुती. परंतु सभासदाच्या वतीने भांडणे हे आपले काम आहे, असे आयोवाच्या विश्वस्तांना वाटले. आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्यातही नुकसानभरपाईची तरतूद आहे. मात्र आधी दोष सिद्ध व्हावा लागतो, आणि तक्रार घेऊन जाणार कोण, हा प्रश्न उरतोच. एकटादुकटा निवृत्त खाणकामगार दिल्लीपर्यंत कसा पोहोचणार?

तेव्हा कोळसा निधीच्या विश्वस्तांनी आधी एवढे तरी करावे: कोणते रोखे, कोणाच्या सल्ल्याने, कोणत्या दिवशी घेतले, याची यादी प्रत्येक खाणीच्या सूचनाफलकावर लावावी, आणि ७२७ कोटींचा जाब त्या सल्लागारांना विचारला की नाही, हे सभासदांना लेखी कळवावे.