लायगो हिंगोलीत, आणि मॅन्युअल?

हिंगोली म्हटलं की पूर्वी तीन गोष्टी सांगून भागायचं. औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे नामदेव आणि वसमतची हळद. आता चौथी सांगावी लागते. औंढा नागनाथ तालुक्यात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींचा खर्च मंजूर झाला. घरच्या मंडळींत हा विषय निघाला की गाडी जमिनीचे भाव आणि नोकऱ्या यांवर येऊन थांबते. (साहजिकच आहे म्हणा.) मला मात्र आज त्यातल्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलबद्दल लिहायचंय.

हसू नका, सांगतो. वेधशाळा सुरू व्हायला अजून काही वर्षं आहेत. पण अमेरिकेतल्या दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली, तिची मूळ आकडेवारी नेटवर कुणालाही फुकट मिळते. ती वाचायचं 'जीडब्ल्यूपाय' नावाचं पायथनमधलं सॉफ्टवेअरही फुकट, आणि ओपन सोर्स. साध्या लॅपटॉपवर दहा-पंधरा ओळी लिहिल्या की दोन कृष्णविवरांच्या टकरीची ती जेमतेम पाव सेकंदाची खूण पडद्यावर उमटते. म्हणजे हिंगोलीच्या कॉलेजातल्या पोरीला कुणाची परवानगी नको, पास नको. तिच्या आणि त्या लहरीच्या मध्ये उभं असतं ते फक्त डॉक्युमेंटेशन.

आमच्या धंद्यात हे सगळ्यात नावडतं काम. कोड लिहिणाऱ्याचं कौतुक होतं, माहिती लिहिणाऱ्याला 'तेवढं जरा लिहून टाक' असं सांगतात. आणि एकदा लिहून टाकलं की संपलं, असाच सगळ्यांचा समज! पण कोड बदलत राहतो आणि पान तसंच राहतं. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला थांबला. त्याआधीच्या कितीतरी धड्यांत 'प्रिंट' पुढे कंस नाहीत. आज नवी मुलगी तो धडा जसाच्या तसा उतरवते आणि पहिल्याच ओळीला 'सिंटॅक्स एरर' येते. अनुभवी माणूस म्हणतो, धडा जुना दिसतोय. ती म्हणते, मला हे जमणार नाही. माझ्या मते जुनं, न सांभाळलेलं पान हे पान नसण्यापेक्षा वाईट, ते याचसाठी.

लायगोवाल्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. खुल्या आकडेवारीवर त्यांच्या कार्यशाळा २०१८ पासून होतात आणि त्यांचे धडे नव्यानं तपासून मांडले जातात. सांभाळायचं म्हणजे हेच की हो. पान पुन्हा उघडायचं, त्यातली प्रत्येक ओळ चालवून बघायची.

आता मराठीचा मुद्दा. 'हे शिकणाऱ्यांना इंग्रजी येतंच की' असं म्हणणारे भेटतात. पुढे जाऊन येतंही. पण पहिल्या तासाचं काय? तिथेच तर माणूस टिकतो किंवा उठून जातो. मात्र मराठी म्हणजे नुसते शब्द बदलणं नव्हे. या आकडेवारीत मोजतात त्या राशीला 'स्ट्रेन' म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत तिला प्रतिशब्द आहे 'विकृती'. आता सांगा, 'लहरीची विकृती मोजा' हे वाचून कुणाला काय कळावं! त्यापेक्षा 'स्ट्रेन' तसाच ठेवावा आणि एकदा नीट सांगावं, की चार किलोमीटरचा हात किती ताणला गेला त्याचं हे प्रमाण, आणि तो ताण प्रोटॉनच्या रुंदीहूनही कितीतरी पट लहान असतो. आज्ञा इंग्रजीत, समजावणं मराठीत. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प हेच करतो. शिवाय तिथे धड्याची संहिता आधी नवख्या माणसाकडून तपासून घेतात. जाणकाराला अडखळायला होतच नाही, मग खड्डा त्याला दिसणार कसा?

म्हणून माझं म्हणणं अगदी छोटं आहे. सगळ्या मॅन्युअलचं भाषांतर नको, ते कुणाच्यानं सांभाळून होणार नाही. तीन पानं पुरेत. सॉफ्टवेअर कसं बसवायचं, पहिली लहर कशी काढायची, आणि नेहमीच्या चार चुका आल्या तर काय करायचं. प्रत्येक पानावर वरच आवृत्ती आणि शेवटचं कधी तपासलं ती तारीख. दर सहा महिन्यांनी ती चालवून बघायची जबाबदारी एका कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाकडे. वर्ग पुढे गेला की पानं खालच्या वर्गाकडे. शाळेच्या हस्तलिखितासारखं!

गोंगाटात दडलेली अशी लहर हुडकायच्या गणितावर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पहिली लहर सापडायच्या कितीतरी वर्षं आधीपासून काम केलंय. यंत्र औंढ्याला येतंय. मधला हा तीन पानांचा तुकडा तरी आपण लिहायला हवा, आणि मुख्य म्हणजे लिहून झाल्यावर सांभाळायला हवा. पहिलं पान लिहायला मी तयार आहे. तपासायला मात्र पायथन अजिबात न येणारं कुणीतरी हवंय. घरात कॉलेजात जाणारं पोर असेल तर कळवा.