पत्रा कापण्यापूर्वी

आमच्या जुन्या मराठी घरांच्या पडवीत आणि धानाच्या कोठारालगत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जीप-पिकअप हल्ली पुन्हा रस्त्यावर येऊ लागल्या आहेत, याचा आम्हांस आनंदच आहे. भरवेली-उकव्याच्या खाणींकडे माणसे आणि वारासिवनीच्या बाजारात पोती नेलेली ही वाहने भंगारात जाण्यापेक्षा नातवंडांच्या हाती चालती राहावीत, हे केव्हाही बरे. पण गाडी दुरुस्त झाली की पहिला घाव पडतो तो डॅशबोर्डावर. कटर फिरतो, पत्र्याचा तुकडा खाली पडतो आणि त्या भोकात रंगीत पडद्याचा स्टिरिओ बसतो. या रीतीस आमचा विरोध आहे.

यावर आम्हांस विचारले जाते की, जुना रेडिओ तरी कारखान्यातून कोठे आला होता? आजोबांनीच तो बसवला ना? पुष्कळ गाड्यांबाबत हे खरे आहे. परंतु तो रेडिओ बहुधा डॅशबोर्डाखाली पट्टीला टांगलेला असे. चार बोल्ट काढले की गाडी पूर्ववत. आजच्या दुहेरी मापाच्या स्टिरिओस सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच खिडकी लागते, आणि ती एकदा पाडली की पाडलीच. पोथी लिहिणारे चुकीच्या अक्षरावर हरताळ फासत, पान कापत नसत. एवढा विवेक आम्ही गाडीच्या बाबतीतही मागतो आहोत.

शिवाय २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात जतन केलेले वाहनच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मूळपणाची किंमत सरकारला कळली. ती आम्हांस घरात कळू नये?

बरे, एवढे करून मिळते काय? खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असते. वेगळा ॲम्प्लिफायर नसेल, तर चौदा व्होल्टांवर चार ओहमच्या स्पीकरला शुद्ध स्वरात पंचवीस वॅटांहून अधिक देणे गणितातच बसत नाही. त्यात दारे कापडी, छत ताडपत्रीचे आणि पुढ्यात डिझेल इंजिनाची धडधड! काही जुन्या गाड्यांची वीज सहा व्होल्टांची असते, काहींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. बारा व्होल्टांचा, ऋण टोक सांगाड्याला मानणारा नवा स्टिरिओ तेथे आंधळेपणाने जोडला तर तो चालत नाही किंवा जळू शकतो. डायनामो असलेली गाडी उभी राहिली की वीज मोजकीच मिळते, हे तर मिस्त्री सांगतही नाही.

आम्ही संगीताचे वैरी नाही. पडद्याविना येणारा, ब्लूटूथवर मोबाइलशी जोडला जाणारा छोटा ॲम्प्लिफायर आसनाखाली बसतो. स्पीकर लाकडी पेटीत घालून आसनामागे ठेवता येतात. तार मूळ वायरिंगमधून न घेता बॅटरीपासून स्वतंत्र, फ्यूज घालून ओढावी. पत्र्याला एकही नवे छिद्र लागत नाही.

आणि ऐकायचे काय, हा प्रश्न आमच्यासाठी गौण नाही. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये निराळी झाली, तरी मध्यम लहरीवरून मराठी घरात येत राहिली. बाजारातल्या अनेक नव्या स्टिरिओंत मध्यम लहर नसतेच. मात्र आकाशवाणीच्या मोबाइल ॲपवर नागपूर खरखरीविना ऐकू येते, तेही आसनाखालच्या त्याच छोट्या यंत्रातून. मग डॅशबोर्डावरचा पडदा हवा तरी कशाला? शेजाऱ्याला दिसावा म्हणून, असा आम्हांस दाट संशय आहे.

ज्यांनी पत्रा आधीच कापला आहे, त्यांनी निदान तो तुकडा भंगारवाल्यास देऊ नये. तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवावा. चांगला वेल्डर तो पुन्हा जोडू शकतो.