'कळवतो' म्हणजे उत्तर नव्हे

"ठीक आहे, कळवतो तुम्हाला."

मुलाखत झाली की साहेब एवढं बोलतात आणि पुढच्या पोराला आत बोलावतात. या एका शब्दाच्या भरवशावर आपल्या जिवतीच्या पहाडावर आज किती पोरंपोरी बसून आहेत, याचा हिशोब ना कंपनीकडे आहे, ना सरकारकडे.

बसून राहणं फुकट नसतं, मित्रांनो. मिरची तोडायला तेलंगणात जाणारी गाडी गावातून निघते तेव्हा बाप विचारतो, "जातं का रे?" पोरगा म्हणतो, "नाही, फोन येणार आहे." सीझन निघून जातो, फोन येत नाही. दुष्काळात मराठवाड्यातून इथं येऊन वसलेली कुटुंबं असोत की मूळचे कोलाम-गोंड, अनेकांच्या जमिनीचे पट्टे वनजमिनीच्या वादात अडकलेले. पट्टा नाही म्हणून पीककर्ज नाही. अशा घरात गडचांदूरची बारा-पंधरा हजारांची नोकरी म्हणजे अख्ख्या घराचा आधार असते.

आणि फोन आलाच तर? घाट चढला की रेंज जाते. एकदा लावला, लागला नाही, पुढच्या नंबरला लावला. पोराला वाटतं आपण नापास झालो. खरं म्हणजे तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता.

सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. महिनाभर काहीच कळलं नाही की गावात एक माणूस उगवतो. "साहेब आपल्या ओळखीचे आहेत, तुझं नाव लिस्टमध्ये वर आहे, फक्त थोडं द्यावं लागेल." बैल विकून, सोनं गहाण टाकून पैसे दिले जातात. 'तुमची निवड झालेली नाही' असा एका ओळीचा मेसेज वेळेवर आला असता, तर या माणसाचं दुकान चाललंच नसतं. दलालाचं भांडवल म्हणजे मालकाचं मौन. म्हणून मी याला नुसता शिष्टाचाराचा प्रश्न मानत नाही.

कायदा काय म्हणतो? 1959 साली संसदेनं सेवायोजन कार्यालयाचा कायदा केला. 25 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेनं रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्या, असं त्यात होतं. म्हणजे सरकारला कळवायचं. ज्यानं मुलाखत दिली त्याला कळवायचं, असं त्यात कुठंच नव्हतं. आपल्या उद्योग विभागाचा 2008 चा शासन निर्णय 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्या म्हणतो, पर्यवेक्षकांच्या जागांवर 50 टक्के. चांगलं आहे. पण कितीजणांना बोलावलं, कितीजणांना घेतलं, कोणाला नाकारलं हेच बाहेर येत नसेल, तर हे टक्के मोजणार कोण आणि कसे?

कॅनडात ओंटारिओ नावाचा प्रांत आहे. तिथं 1 जानेवारी 2026 पासून नियम लागू झाला : 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकानं जाहिरात देऊन मुलाखत घेतली असेल, तर 45 दिवसांच्या आत उमेदवाराला निर्णय झाला की नाही ते कळवलंच पाहिजे. आकडा आपलाच, 25. फक्त त्यांनी उमेदवारालाही माणूस धरलं.

काही जण म्हणतील, शेकडो अर्ज येतात, कोणाकोणाला कळवत बसायचं? सगळ्या अर्जदारांचं मी बोलतच नाही. ज्याला तुम्ही गाडीभाडं खर्च करायला लावून समोर बसवलं, त्याचं बोलतो आहे. बोलवायला व्हॉट्सअ‍ॅप चालतं, मग नकार द्यायला का चालत नाही? तेही नको असेल तर गेटवर यादी लावा.

माझी मागणी साधी आहे. कंपनी असो, ठेकेदार असो की खासगी शाळा, मुलाखतीनंतर 15 दिवसांत हो किंवा नाही कळवा. आणि चंद्रपूरच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रानं प्रत्येक रोजगार मेळाव्यानंतर शेवटी कितीजण खरंच रुजू झाले, तो आकडा जाहीर करावा. मेळाव्याचे फोटो आम्ही छापतोच, हा आकडाही छापू.

तोवर पोरांनो, तुम्ही गप्प बसू नका. विचारणं म्हणजे भीक मागणं नव्हे.

मुलाखतीच्या खोलीतून उठतानाच विचारा : "साहेब, किती दिवसांत कळेल आणि कोणाला विचारायचं?" नाव आणि नंबर लिहून घ्या. आपले दोन नंबर द्या, एक स्वतःचा आणि एक रेंजमध्ये राहणाऱ्या नातेवाइकाचा. सांगितलेली तारीख उलटली की दोन दिवसांनी एक मेसेज टाका : "नमस्कार सर, मी अमुक तारखेला अमुक पदासाठी मुलाखत दिली होती. निर्णय झाला असल्यास कृपया कळवावा. आमच्याकडे रेंज नसते, फोन न लागल्यास मेसेज करावा." बस, एवढंच. रोज फोन करून पिच्छा पुरवू नका. आठवडाभर वाट पाहून आणखी एकदा विचारा. तरी उत्तर नाही आलं तर ते दार बंद समजा आणि दुसऱ्या कामाला लागा. जागा सरकारी किंवा जिल्हा परिषदेची कंत्राटी असेल, तर माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. आपले गुण आणि निवड यादी मागा. 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

आणि पैसे मागणाऱ्याला एकच सांगा : नाव लिस्टमध्ये आहे ना, मग आधी लिस्ट दाखव.

मुलाखत देऊन महिनोन्‌महिने वाट पाहणारं कोणी तुमच्या घरात असेल तर मला लिहा. नाव कुठंही येणार नाही. किती जण वाट पाहत आहेत, निदान तेवढं तरी आपण मोजू.