गुलबर्ग्याची ही कृतघ्नता

निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्यात १९१२ साली एक ख्रिस्ती हायस्कूल उभे राहिले. ते उभे केले दोन मराठी स्त्रियांनी. एक केडगावच्या मुक्ती सदनाच्या संस्थापक पंडिता रमाबाई आणि दुसरी त्यांची कन्या मनोरमाबाई. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या, अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाईंनी त्या शाळेचे मुख्याध्यापकपद अंगावर घेतले. सरकारी कचेरीत उर्दू, बाजारात कानडी आणि दखनी, काही घरांत मराठी, आणि शिक्षणाची सर्वत्र वानवा, असा तो मुलूख होता. शहाणीसुरती माणसे पुण्या-मुंबईत नोकऱ्या शोधत होती, त्या वेळी या मायलेकींनी गुलबर्ग्याची वाट धरली.

आता आमचा सवाल ऐका. सीमाभागातील मराठीच्या नावाने आजवर किती सभा झाल्या! आळंद, बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण ही नावे ठरावांत घातली गेली. महाराष्ट्राने मागितलेल्या ८६५ गावांची यादी उच्चारताना वक्त्यांचे गळे भरून आले. या सभांत मनोरमाबाईंचे नाव आम्ही कधी ऐकले नाही. रमाबाईंचे ऐकले ते स्त्रीसुधारकांच्या माळेत, एका दमात, पुढच्या नावाकडे धावताना. या मायलेकींच्या कामाशी आपल्या जिल्ह्याचा काही संबंध होता, हे या जिल्ह्यातील शंभर सुशिक्षित मराठी माणसांना विचारून पाहा. किती जण होय म्हणतील?

हे विस्मरण आपोआप झालेले नाही. विसरण्याचे कारण आम्हा सर्वांना ठाऊक आहे आणि ते बोलण्याची लाज वाटते म्हणून आपण गप्प बसतो. त्या ख्रिस्ती होत्या. एवढाच त्यांचा गुन्हा. देवळाच्या पायरीवर जन्मभर पुराण सांगितले असते तर त्यांच्या नावाची कमान आज शहराच्या वेशीवर दिसली असती.

आणि ही बाई परकी होती म्हणता? रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातच, सह्याद्रीच्या रांगेतील गंगामुळाच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून ज्या समाजाने त्यांना जाब विचारला, तो हाच समाज. घर सोडून रानात राहायला गेलेल्या त्या कुटुंबाने पुढे तीर्थोतीर्थी पुराण सांगत देश पालथा घातला. दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. उरलेली दोन भावंडे पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली, आणि तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. धर्मग्रंथ मुखोद्गत असलेली स्त्री त्या धर्माचा त्याग करते, तेव्हा शास्त्र्यांनी आधी आपल्या ग्रंथांकडे वळून पाहायला हवे होते. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवले.

१८९३ चे वर्ष आठवा. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत काढलेले शारदा सदन पुण्याला आले होते. बालविधवांना तिथे शिक्षण होते, पोटभर अन्न होते, डोक्यावर छप्पर होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि दार उघडे ठेवीत. ज्या मुलीला वाटे ती आत येऊन बसे. या उघड्या दारावरून पुण्यात वणवा पेटला. टिळकांच्या ‘केसरी’ने तोफ डागली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी विसाहून अधिक मुली काढून नेल्या. कुठे नेल्या? त्याच माजघरांत, जिथे केशवपन होते, एकभुक्त राहणे होते, दिराच्या आणि सासऱ्याच्या शिव्या होत्या. धर्म वाचवला म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांपैकी कोणी त्या मुलींचे पुढे काय झाले याची चौकशी केली का? आम्ही टिळकांच्या परंपरेत वाढलेली माणसे आहोत, अग्रलेखाचा धर्म त्यांच्याकडून शिकलो आहोत. तरीही सांगतो, त्या वर्षी ‘केसरी’च्या तोफेचे तोंड निराधार विधवांच्या आसऱ्याकडे वळले होते आणि तो अन्याय होता. त्याच शारदा सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. कर्व्यांच्या हिंगण्याच्या कामाला महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, देशाने त्यांना भारतरत्न दिले, आणि ते योग्यच झाले. ज्या घराने गोदूबाईंना अक्षर दिले त्या घराला मात्र बाटवाबाटवीचा कारखाना म्हणून हिणवले.

इंग्रजांची हस्तक म्हणून रमाबाईंची संभावना करणाऱ्यांनी १८९७ चे वृत्तपत्र काढून वाचावे. पुण्यात प्लेगचा कहर होता. प्लेगच्या रुग्णालयात आणि वेगळ्या ठेवलेल्या छावणीत बायकांचे कसे हाल होतात हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर आणले. सरकार चिडले, प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. ज्या सरकारी जुलमाविरुद्ध पुण्याचे पुढारी लढत होते, त्याच जुलमाविरुद्ध ही ‘बाटगी’ एकटीने उभी होती. तिच्या नावे एक शब्द कोणी लिहिला?

विलायतेतही त्यांनी मान वाकवली नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, दोन वर्षांच्या मनोरमेसह. तेथील ख्रिस्ती जोगिणींनी त्यांना निमूट शिष्या बनवू पाहिले. रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर प्रश्न विचारले, बिशपांच्या अधिकारावर प्रश्न विचारले. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा हट्ट हिंदुस्थानातल्या बिशपांनी धरला, तेव्हा त्यांनी तो अपमान सरळ शब्दांत परत केला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत, असे त्या म्हणाल्या. जन्मभर शाकाहारी राहिल्या. अशा बाईला मिशनऱ्यांची बाहुली म्हणणारा माणूस अज्ञानी तरी आहे किंवा खोटारडा तरी.

मिशनऱ्यांच्या चरित्रकारांनाही आम्ही सोडत नाही. त्यांनी या लढाऊ विदुषीची एक गोड संत करून टाकली. तिचा संताप, तिची तर्कबुद्धी, वरिष्ठांशी घेतलेली झुंज हे सारे गाळले आणि गुडघे टेकून प्रार्थना करणारी पांढऱ्या वस्त्रातली बाई तेवढी ठेवली. वाचकाने डोळे पुसावेत आणि वर्गणी पाठवावी, एवढाच त्या पुस्तकांचा हेतू.

पुरोगाम्यांचा अपराध याहून सूक्ष्म आहे, म्हणून अधिक संतापजनक आहे. त्यांना १८८० च्या दशकातल्या रमाबाई हव्यात. आर्य महिला समाज काढणाऱ्या, हंटर आयोगापुढे साक्ष देणाऱ्या, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ लिहिणाऱ्या. १९०५ मध्ये मुक्तीत पुनरुज्जीवनाची लाट आली, शेकडो मुली रात्र रात्र प्रार्थनेत रडल्या, त्या रमाबाई यांना नकोत. त्या पानाशी येताच यांची दौत सुकते. एकदा धर्मशास्त्राला जाब विचारणाऱ्या बाईने पुन्हा देवापुढे हात जोडले, हे यांना पेलत नाही. आम्ही स्पष्ट बोलतो. रमाबाईंची ती कडवी श्रद्धा आमची नाही. मुक्ती सदनातील निराधार मुलींच्या पंखांवर श्रद्धेचा भार किती पडला, हा प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. तो जरूर विचारा. पण त्या श्रद्धेनेच दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रस्त्यावर मरू घातलेल्या सुमारे ३०० मुली उचलून आणल्या, हे झाकून ठेवू नका. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत हजाराहून अधिक जीव जेवत होते. विणकाम, शेती, छापखाना, गुरांचा गोठा, सारे बायकांच्या हाती. पुरुषांच्या वासनेला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. अंध मुलींसाठी ब्रेल, तेही मनोरमाबाई परदेशातून शिकून आल्या म्हणून. यातले एकही काम नास्तिकांच्या व्याख्यानमालेने केले नाही, आणि सोवळ्यातल्या धर्मरक्षकांनी तर नाहीच नाही.

आणि मराठी! मराठीचा अभिमान सांगणाऱ्यांनी तरी खाली मान घालावी. रमाबाई आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणत होत्या. संस्कृत पंडितेने मुद्दाम जड शब्द टाळले, कारण केडगावच्या शेतात राबणाऱ्या बाईला ते कळायला हवे होते. खिळे जुळवायला बायका, यंत्र चालवायला बायका. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. हा ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. मराठी भाषेच्या इतिहासात एका स्त्रीने एकहाती केलेले एवढे मोठे भाषांतर दुसरे कोणते? ज्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशक विल्यम केरींनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, ज्या बेळगावच्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले, त्यांच्याही वाट्याला आपल्याकडून परीक्षेपुरती एक ओळ आली. भाषेला रक्त देणाऱ्यांचा धर्म तपासून मग नमस्कार करायचा, ही कोणती संस्कृती?

केडगाव आणि गुलबर्गा एकाच लोहमार्गावर आहेत. दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर ओलांडून गाडी इथे येते, म्हणजे हे नाते टिकणे अवघड नव्हते. पण चाळीसाव्या वर्षी, २४ जुलै १९२१ रोजी, मिरजेच्या रुग्णालयात मनोरमाबाई वारल्या. आजारी म्हाताऱ्या आईला मुलीचे मरण पाहावे लागले आणि नऊ महिन्यांच्या आत तीही गेली. या शहराने त्या वेळी हळहळ केली असेल किंवा नसेल. आज आपण काय करतो, हा प्रश्न आहे.

म्हणून गुलबर्ग्याच्या मराठी मंडळींना, साहित्य संघांना, सीमाप्रश्नाच्या पुढाऱ्यांना, कानडी बंधूंना आणि चर्चच्या वडीलधाऱ्यांनाही आम्ही उघड आव्हान देतो. येत्या २४ जुलैला याच शहरात मनोरमाबाईंच्या नावाची सभा भरवा. व्यासपीठावर मराठी आणि कानडी दोन्ही भाषा बोला, उर्दूलाही जागा द्या. शाळेच्या जुन्या नोंदी शोधा, महानगरपालिकेच्या दप्तरात हात घाला, तिथे शिकलेल्या घराण्यांच्या आठवणी लिहून घ्या. ज्याला त्या बाईचा धर्म खुपतो त्याने समोर येऊन तसे बोलावे, आम्ही तिथेच उत्तर देऊ.