वुजूचा नळ किती उंचीवर हवा?

बाथरूम नवं करायचं आमच्या घरात दोन वर्षं घाटत होतं. ‘ईद होऊ दे’, ‘पाऊस संपू दे’ असं चाललं होतं. शेवटी ते काम निघालं अम्मींच्या मनगटामुळे.

हिवाळ्यातली पहाट. अम्मी फजरच्या वुजूसाठी उठल्या. हात-तोंड धुऊन झालं, मसह झाला आणि पाय धुवायला नेहमीप्रमाणे त्यांनी एक पाय उचलून बेसिनमध्ये ठेवला. वय ७२. खाली चकचकीत टाइल, तीही ओली. तोल गेला तेव्हा हाताला लागली टॉवेलची दांडी. ती स्क्रूसकट भिंतीतून उपटून आली. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. टॉवेलांसाठी नाव असलेल्या सोलापुरात जन्म गेला, पण टॉवेलची दांडी फक्त टॉवेलच पेलते हे त्या दिवशी कळलं.

प्लास्टर निघालं, पण अम्मी पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. असरनंतर पाणी प्यायचं जवळजवळ बंद केलं. लघवीला जळजळ व्हायला लागली म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, “रात्री उठावं लागतं. तुमची झोप कशाला मोडायची?” एकट्यानं बाथरूममध्ये जायची भीती आणि हाक मारायचा संकोच, दोन्हींतून त्यांनी तहान मारण्याची वाट काढली होती. आम्ही घरात होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

एवढं होऊनही दुकानात गेल्यावर आम्ही काय बघत बसलो, तर शॉवर! घरातल्या तरुण मंडळींनी छतातून पडणारा आठ इंची रेन शॉवर आणि काळ्या रंगाचे नळ मोबाइलवर आधीच पसंत करून ठेवले होते. दुकानात तो शॉवर धो धो कोसळत होता. तिथे मागे पंप लावलेला असतो. आपल्या घरात पंप नसतो, गच्चीवरची टाकी असते. पाण्याला १० मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम तीन मीटर, म्हणजे ०.३ बार. एवढ्यात त्या मोठ्या चाळणीतून पाऊस नव्हे, थेंब पडले असते. काळ्या नळांचंही तेच. बोअरचं पाणी जड. आठवड्यात त्यांच्यावर पांढरे डाग चढतात आणि रोज पुसत बसायला घरात कुणी रिकामं नाही. साधे क्रोमचे पितळी नळ घेतले.

भिंतीत गाडलेला डायव्हर्टरही नाकारला. तो गळला की टाइल फोडावी लागते, आणि त्याच रंगाची टाइल चार वर्षांनी मिळेलच असं नाही. भिंतीबाहेरचा मिक्सर दिसायला जुनाट, पण कुठलाही प्लंबर पाना घेऊन अर्ध्या तासात तो खोलतो.

मग मिस्त्री आले. त्यांनी आल्या आल्या विचारलं, “अम्मा कुठल्या हातानं आधार घेतात?” आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तीन दुकानं पालथी घातली होती, पण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांना कुणी एक शब्द विचारला नव्हता.

मिस्त्रींनी अम्मींना खुर्चीवर बसवलं, उठायला सांगितलं, आणि त्यांचा उजवा हात जिथे गेला तिथे भिंतीवर खडूनं खूण केली. स्टीलची धरायची दांडी त्या खुणेवर बसली. ती विटेत खोलवर अँकर बोल्टनं बसवायची असते. नुसत्या टाइलवर चिकटणाऱ्या, रबरी चकतीच्या दांड्या मिळतात त्यांवर माणसाचा भार टाकू नये. भिंत चार इंची पोकळ विटेची असेल तर प्लास्टरच्या आधीच तिथे काँक्रीटचा ठोकळा भरून घ्यावा. दांडी बसल्यावर आमच्यातल्या सगळ्यात वजनदार माणसानं तिला लोंबकळून पाहिलं. (नाव छापू नका अशी घरून सूचना आहे.)

वुजूची जागा अम्मींनी स्वतः सांगितली. त्यांच्या माहेरी मोरीत दगडावर बसून टोंटीच्या लोट्यानं वुजू करायचे. “तसंच करा, फक्त दगड उंच घ्या.” बेसिनच्या शेजारी १७ इंच उंचीचा कडाप्प्याचा ओटा बांधला. समोर गुडघ्यापेक्षा थोडा वर एक नळ, खाली पाय टेकवायला उतार, आणि उताराच्या टोकाला नहाणी ट्रॅप. नळाचं हँडल लांब घेतलं. क्वार्टर टर्नचा असल्यानं दुखऱ्या मनगटानं पिळावा लागत नाही, बोटानं ढकलला की पाव फेऱ्यात बंद होतो.

या नळानं आणखी एक हिशेब पुढे आणला. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. साठवलेलं पाणी पुरवून वापरावं लागतं. हे माहीत असूनही आम्ही बेसिनवर नळ सोडून वुजू करत होतो. एकदा बेसिनखालचा पाइप सोडवून बादली ठेवली, तर एका वुजूत सहा लिटरच्या वर पाणी निघालं. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एका मुद्द पाण्यात वुजू करत, असं बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आजच्या मापात तो पाऊण लिटरच्या आगेमागे; हनफी हिशेबानं थोडा जास्त. घरात पाच नमाजी माणसं धरा आणि गुणाकार तुम्हीच करा. आता वुजूच्या नळाला एरेटर लावलाय. त्याच्या जाळीत क्षार अडकतात, तेव्हा महिन्यातून एकदा काढून रात्रभर सिरक्यात बुडवायचा.

कमोडवर घरात खरा वाद झाला, तो दिशेवरून. जुनं भांडं पश्चिमेकडे तोंड करून होतं, आणि आपल्याकडून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. हाजत करताना किबल्याकडे तोंड किंवा पाठ नको हे हदीसमध्ये आहे. चार भिंतींच्या आत शाफई मसलकात सवलत आहे, हनफी मसलकात नाही. आणि आम्ही हनफी. इतकी वर्षं तिरकं बसून भागवत होतो. भांडं उत्तर-दक्षिण फिरवायचं तर जमिनीखालचा चार इंची पाइप हलवावा लागतो, त्याला उतार द्यावा लागतो, म्हणजे खर्च. तेव्हा दिशेचा निर्णय फोडाफोडी सुरू होण्याआधी घ्या, आणि मैल्याचा पाइप जमिनीतून निघतो की भिंतीतून हे बघूनच भांडं विकत घ्या. जमिनीतून असेल तर एस ट्रॅप, भिंतीतून असेल तर पी ट्रॅप. भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजून कागदावर लिहून न्या. आम्ही अंदाजानं आणलेलं पहिलं भांडं परत करावं लागलं, आणि टेम्पोचं भाडं दोनदा गेलं.

रेन शॉवरचे वाचलेले पैसे या पाइपात गेले. तरुण मंडळी चार दिवस फुगून होती.

कमोडची उंची १८ इंच घेतली. नेहमीच्या भांड्यावरून उठताना अम्मींचे गुडघे बोलायचे. फ्लशची टाकी तीन आणि सहा लिटर अशा दोन बटणांची. जेटच्या फवाऱ्याचे शिंतोडे उडतात म्हणून अम्मींना तो नको होता, मुलांना हवाच होता. दोन तोंडांचा अँगल कॉक घेऊन एका तोंडाला जेट लावला, दुसऱ्याखाली लोटा. बाहेरगावी जाताना हा कॉक बंद करायला विसरू नका, जेटची नळी फुटली तर घरात तळं होतं.

फरशीला मॅट टाइल. दुकानात नमुन्यावर साबणाचं पाणी ओतून अनवाणी पायानं घासून पाहिलं. दुकानदार हसला, हसू दे. दार बाहेर उघडणारं केलं, म्हणजे आत कुणी पडलं तर दार अडत नाही, आणि कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी बसवली.

आता पहाटे पाचच्या सुमारास वुजूच्या नळाचा बारीक आवाज येतो आणि थांबतो. हाक येत नाही. रात्री अम्मींच्या उशाशी पाण्याचा तांब्या असतो आणि सकाळी तो निम्मा रिकामा असतो.

एक गोष्ट मात्र सगळे विसरलो. ओट्यावर बसल्यावर चष्मा ठेवायला जागा नाही. अम्मी तो पदरात गुंडाळून मांडीवर ठेवतात, आणि उठताना तो दोनदा खाली पडला. शुक्रवारी जुम्यानंतर मिस्त्री एक छोटी फळी घेऊन येणार आहेत. कुठे लावायची, ते या वेळी अम्मींना विचारून ठेवलंय.